खात्री वाटली, मग पुरावा कशाला?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतायत, गूढ अनुभव आणि तर्क यांच्या नात्याभोवती, म्हणून ती एकत्रच घेतेय. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण त्याला इलाज नाही, प्रश्नच तसा आहे.

प्रश्न : ताई, मी ३६ वर्षांचा, कोथरूडला राहतो, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. गेल्या डिसेंबरात पहाटे वेताळ टेकडीवर गेलो होतो, नेहमी जातो, खाणीच्या कडेला बसलो होतो. मोर ओरडत होते, खाली शहरातले दिवे अजून चालू होते. आणि अचानक मी आणि समोरचं यांच्यातली रेघच पुसली गेली. पाच-सात मिनिटं असेल. घाबरलो वगैरे नाही. एवढंच कळत होतं की हे सगळं एकच आहे आणि हे मला आधीपासून माहीतच होतं. त्यानंतर परत कधी तसं झालेलं नाही. माझा भाऊ डॉक्टर आहे, तो म्हणतो थंडी, रिकामं पोट आणि अर्धवट झोप, मेंदूने खेळ केला, सोडून दे. सासरे म्हणतात पूर्वपुण्याई आहे, आता उगाच डोकं चालवून घालवू नका. मला दोघांचंही पटत नाहीये. मी दिवसभर बग शोधणारा माणूस आहे, जे परत रिप्रोड्यूस होत नाही ते आम्ही बंद करून टाकतो. डोकं चालवलं तर हे हातचं जाईल का? आणि नाही चालवलं तर मी स्वतःलाच फसवतोय का?

उत्तर : तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. आधी एक व्यवहाराचं विचारून घेते. असं परत परत झालं, किंवा त्याच्या आधी विचित्र वास आला, मधला वेळ आठवतच नाही असं झालं, हातपाय झटकले गेले, तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, त्यात कमीपणा काही नाही. मेंदूच्या टेम्पोरल लोब या भागातून सुरू होणाऱ्या फिटच्या काही पेशंटना फिटच्या आधी विलक्षण आनंद होतो, रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्हस्कीला फिट येत असत आणि असा आनंद त्याने लिहून ठेवलाय. पण तुम्ही लिहिलंय त्यात यातलं काही दिसत नाही, एकदाच झालं आणि मिनिटन् मिनिट आठवतंय, तेव्हा पुढे जाऊ.

मी एकतीस वर्षं अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवलं. त्या सवयीने तुमच्या पत्रातली तीन वाक्यं वेगळी काढली. 'रेघ पुसली गेली', 'हे सगळं एकच आहे', आणि 'हे मला आधीपासून माहीत होतं'. वाचताना तिन्ही एका श्वासात येतात, तुम्हाला आलीही असतील तशीच, पण तिन्हींची जात वेगळी आहे. पहिलं वाक्य तुमचं निवेदन आहे, तुम्हाला काय झालं ते. त्याला तुमच्याशिवाय दुसरा साक्षीदार नाही आणि लागतही नाही, जसं माझं डोकं दुखतंय की नाही ते मलाच ठाऊक. दुसरं वाक्य मात्र जगाबद्दल बोलतंय. ते तुमच्यापुरतं राहिलेलं नाही, ते खरं असेल तर माझ्यासाठीही खरं असायला हवं, तुमच्या भावासाठीही. तिसरं वाक्य तुमच्या आठवणीबद्दल आहे, आणि आठवण फसवते हे आपण सगळे रोज बघतो, नवीन गल्लीत शिरल्यावर इथे मी आलोय असं वाटतंच की.

तर्काचं काम सुरू होतं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यापाशी. पहिल्याला तो हातही लावत नाही. म्हणून डोकं चालवलं तर अनुभव जाईल ही भीती मला खरी वाटत नाही. गेलाच तर अनुभवावर आपण घाईने चिकटवलेला अर्थ जाईल.

आता ती खात्री. तुमच्या सगळ्या पत्रात मला सगळ्यात जड वाटलेली गोष्ट ती आहे. असे अनुभव ज्यांना येतात ते बहुतेक सगळे हेच सांगतात की इतकं स्पष्ट आयुष्यात दुसरं काही दिसलं नव्हतं. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १९०२ च्या पुस्तकात अशा अनुभवांच्या चार खुणा सांगितल्या, शब्दात न मावणं, काहीतरी कळल्याची जाणीव, थोडाच वेळ टिकणं, आणि आपण करत नसून आपल्यावर होतंय असं वाटणं. तुमच्या पाच-सात मिनिटांत चारही आहेत. पण आपल्याकडच्या नैयायिकांच्या, म्हणजे न्यायशास्त्र या जुन्या तर्कपरंपरेतल्या पंडितांच्या, पाटावर ही खात्री ठेवून बघा. 'हे खरं आहे, कारण मला पूर्ण खात्री वाटली.' यात खात्री हा हेतू, म्हणजे सिद्ध करायला पुढे केलेलं कारण. हेतू चालायचा असेल तर जिथे जिथे खात्री तिथे तिथे खरेपणा असं दिसायला हवं. आणि तसं दिसत नाही ना! अंधारात दोरीला साप समजून मागे उडी मारणाऱ्याची खात्री काय कमी असते का, स्वप्नात तर कोणाला शंकाच येत नाही. न्यायशास्त्रात अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात, म्हणजे जो आपल्या साध्याशी, जे सिद्ध करायचंय त्याच्याशी, एकनिष्ठ नाही, नको त्या ठिकाणीही सापडतो. धूर डोंगरावर दिसला तर आग म्हणता येतं कारण धूर तळ्यावर सापडत नाही. खात्री तळ्यावरही सापडते.

म्हणजे तुमचे भाऊ बरोबर? नाही हो, इथेच मला त्यांच्याशी भांडायचंय. त्यांनी सांगितलं ते कारण. थंडी, पोट, झोप. कारण सांगितलं म्हणजे खोटं ठरवलं असं होत नाही, ही चूक मी हुशार हुशार मुलांच्या पेपरात तपासलीय. भाऊ एमबीबीएसला शरीरशास्त्र शिकले तेव्हाही मेंदूत काहीतरी घडलंच असेल, पोटात चहा-कॉफी असेल, म्हणून काय शरीरशास्त्र खोटं? मेंदूत घडणं हे खऱ्या ज्ञानालाही लागू आहे आणि भ्रमालाही, म्हणजे तोही हेतू सव्यभिचारच झाला. भाऊ आणि सासरे दोघं उलट टोकाला उभे असले तरी दोघंही एकच गोष्ट करतायत, तपासायच्या आधी निकाल देतायत.

आणि एक गंमत वाटण्यासारखी गोष्ट सांगते, मला तरी पहिल्यांदा वाचली तेव्हा खूप आश्चर्य वाटलं होतं. आपल्याला वाटतं तर्कवाले एकीकडे आणि योगी एकीकडे. पण न्यायाच्या परंपरेत, चौदाव्या शतकात मिथिलेत गंगेशाने जे नव्यन्यायाचं, म्हणजे न्यायाच्या नव्या शाखेचं, शास्त्र बांधलं त्या वळणात, प्रत्यक्षाचा, म्हणजे थेट होणाऱ्या ज्ञानाचा, एक प्रकारच 'योगज', योगातून येणारा, म्हणून धरलाय आणि त्याचेही दोन भेद, युक्त म्हणजे ज्याला ते कायम दिसतं आणि युंजान म्हणजे ज्याला चिंतन केल्यावर दिसतं. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीही योगिप्रत्यक्ष मानतो. उलट मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या परंपरेतला, कुमारिल, जो वेदांसाठी इतका भांडला, तो योग्यांचं असलं प्रत्यक्ष मानत नाही. इंद्रियांना दिसतं तेवढंच मानणाऱ्या चार्वाकांनी तर हे मानायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे भांडण श्रद्धाळू विरुद्ध बुद्धिवादी असं नव्हतंच कधी. शेकडो वर्षं माणसं हेच विचारत होती की असा अनुभव प्रमाण मानायचा तर कुठल्या अटीवर. तुमचा प्रश्न त्यांचाच आहे.

तुम्ही पुण्याचे, आळंदी हाकेच्या अंतरावर. ज्ञानेश्वरांना आपण माउली म्हणतो त्यामुळे एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते की तो माणूस जबरदस्त तार्किक होता. त्यांच्या अमृतानुभव या ग्रंथातलं अज्ञानखंडनाचं प्रकरण उघडा. तिथे ते अज्ञानाला अक्षरशः उलटतपासणीला उभं करतात. अज्ञान आत्म्यात आहे म्हणता, बरं, मग ते आत्म्याला झाकत असेल तर 'अज्ञान आहे' हे सांगायला उरलं कोण? आणि सांगणारा उरला असेल तर त्याने झाकलं काय? असं एकेक दार बंद करत जातात. अनुभव पदरात असलेला माणूस एवढी मेहनत का घेतो? आणि त्याच ग्रंथात शैव परंपरेतल्या शिवसूत्रांचा आणि गीतेचा आधार दिल्यावर पुढे म्हणतात, 'परी शिवें कां श्रीवल्लभें । बोलिलें येणेंचि लोभें । मानूं तेंही लाभे । न बोलतांही ॥' शिवाने किंवा कृष्णाने सांगितलं एवढ्यासाठी आम्ही हे मानत नाही, त्यांनी सांगितलं नसतं तरी ते मिळण्यासारखंच होतं. बघा, तेराव्या शतकात, विशीच्या आसपासचा मुलगा हे लिहितोय.

आता राहिली भीती. डोकं चालवलं तर हातचं जाईल का. पास्कल माहीत असेल तुम्हाला, गणितवाला. १६५४ च्या उन्हाळ्यात तो फर्मा या दुसऱ्या गणितज्ञाशी पत्रव्यवहार करून संभाव्यतेच्या गणिताचा पाया घालत होता आणि त्याच वर्षी २३ नोव्हेंबरच्या रात्री, साधारण साडेदहा ते साडेबारा, त्याला काहीतरी झालं. काय ते त्याने कोणाला सांगितलं नाही. एका कागदावर 'आग' असा शब्द लिहिला, खाली तुटक तुटक ओळी, 'तत्त्ववेत्त्यांचा आणि पंडितांचा नव्हे' असा देव, आणि ते लिखाण कोटाच्या अस्तरात शिवून ठेवलं. १६६२ मध्ये तो गेल्यावर नोकराला ते सापडलं. म्हणजे आठ वर्षं ते अंगावर होतं. आणि याच आठ वर्षांत, १६५८ मध्ये, त्याने सायक्लॉइड नावाच्या वक्रावर अवघड गणित केलं. दोन्ही एकाच कोटात राहिले.

माझं स्वतःचं विचाराल तर मला असा अनुभव आलेला नाही. आईला आला होता. आमचं गाव चाकणच्या पुढे, आई वद्य एकादशीला आळंदीला जायची. मी तेव्हा एमएला होते. एकदा परत आली आणि भाकरी थापता थापता सांगायला लागली, अजानवृक्षापाशी बसले होते गं, तर मी कुठं संपते तेच कळंना. मी नवी नवी तर्कशास्त्र शिकलेली, लगेच विचारलं, मग कळलं काय तुला? म्हणाली, कळलं बिळलं काही नाही, भीती गेली. मी म्हटलं भीती गेली म्हणून ते खरं ठरत नाही. तर म्हणाली, नाही ठरत, मी कुठं म्हणते ठरतं. आणि तवा उतरवला. त्यानंतर मात्र तिने एक केलं, मला रोज अमृतानुभव वाचून दाखवायला लावलं, स्वतःला वाचता येत नव्हतं तिला, आणि दर दोन ओव्यांना अडवून विचारायची, असं का म्हणतात? हे कशावरून? आधी कधी नाही विचारायची असं. तिचे प्रश्न त्या एकादशीनंतर वाढले. मला उत्तरं यायची नाहीत, चिडायचे मी, त्याचं आज फार वाईट वाटतं.

तुम्ही काय करायचं, तर झालं ते तारखेसकट लिहून ठेवा, आत्ताच, आठवण स्वतःहून सजायला लागायच्या आधी. पहिलं वाक्य एका पानावर, बाकीची दोन दुसऱ्या पानावर. रिप्रोड्यूस होत नाही म्हणून बंद करू नका, तुमच्याकडेही असे बग असतात ना जे एकदाच दिसतात आणि वर्षाने कळतं की खरे होते, ते ओपनच ठेवतात.

प्रश्न : मी एसवायबीएला आहे, तत्त्वज्ञान घेतलंय. क्लासमध्ये वाद झाला. मिस्टिक (गूढवादी) लोक म्हणतात अनुभव शब्दात सांगता येत नाही. पण 'सांगता येत नाही' हेही सांगणंच झालं ना? आणि ज्ञानेश्वरांनी तर शब्दाचं खंडन करायला आख्खं प्रकरण ओव्यांमध्ये लिहिलं. हा सरळ सेल्फ-कॉन्ट्रॅडिक्शन नाही का?

उत्तर : वाद छान आहे, तू कुठल्या बाजूने होतीस ते लिहिलं नाहीस. तुझा मुद्दा अर्धा बरोबर आहे. 'याबद्दल काहीच म्हणता येत नाही' असं कोणी म्हटलं आणि पुढे दोनशे पानं त्याचे गुण सांगितले, तर तिथे तू त्याला पकडायलाच हवंस. पण 'शब्दात मावत नाही' आणि 'शब्दाने काहीच करता येत नाही' ही दोन वेगळी विधानं आहेत, वादात ती मिसळली गेली असणार.

गाण्यातलं उदाहरण देते. तंबोऱ्यात गंधाराची, म्हणजे 'ग' या स्वराची, तार नसते. पण तंबोरा नीट जुळला, जवारी नीट लागली की खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या, तारेतून गंधार ऐकू येतो, स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. का येतो हे फिजिक्सवाला पूर्ण सांगेल, तारेचा पाचवा हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा सूर आहे तो. सगळं सांगून झालं तरी ज्याने तो ऐकलेला नाही त्याला तो ऐकू आलेला नाही. पण गुरुजी काय म्हणतात, कान भोपळ्याजवळ ने, खर्जाची तार वाजली की लगेच दुसरीकडे जाऊ नकोस, शेपटीकडे लक्ष दे. हे शब्दच आहेत. त्यांच्यात गंधार नाही, पण त्यांनी तू गंधारापर्यंत पोचतेस. आणि अजून एक, कोणी नुसतं 'हो हो ऐकू आला' म्हणत असेल तर गुरुजींना ते दोन मिनिटांत कळतं, त्याला गाऊन दाखव म्हणतात. म्हणजे न सांगता येणारी गोष्ट तपासता येत नाही असंही नाही.

पतंजलीच्या योगसूत्रांच्या पहिल्या पादात हेच फार नेमकं म्हटलंय, ऐकून आणि अनुमानाने होणारं ज्ञान सामान्याबद्दल असतं, समाधीतल्या प्रज्ञेचा विषय विशेष असतो. धूर बघून 'आग आहे' एवढंच कळतं, कुठली, केवढी, कशी धगधगतेय, ते जवळ गेल्यावर. यात अनुमान खोटं पडत नाही, त्याची हद्द कळते.

आणि शब्दखंडनाचं प्रकरण तू स्वतः वाच, क्लासमधल्या नोट्सवर जाऊ नकोस. तिथे सुरुवात शब्दाच्या कौतुकाने आहे, आठवण करून देणारा म्हणून तो प्रसिद्ध, अमूर्ताला दाखवणारा आरसा. मग युक्तिवाद येतो की आठवण कोणाला द्यायची, जो विसरलाय त्याला. आत्मा स्वतःला विसरतच नसेल तर शब्दाने त्याला काय आठवून द्यायचं? हे पटो न पटो, पण विरोधाभास म्हणून झटकण्यासारखं नाहीये, शब्दाची हद्द शब्दानेच आखणं हे तर्कात चालतं. तत्त्वज्ञ व्हिटगेनस्टाइनने १९२१ च्या ट्रॅक्टेटस या पुस्तकात शेवटी शेवटी असंच काहीतरी केलंय, सांगता न येणारं आहे आणि ते स्वतःच दिसून येतं असं म्हणतो आणि शिडीचं उदाहरण देतो, चढून झाल्यावर टाकून द्यायची.

ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलचा 'मिस्टिसिझम अँड लॉजिक' हा १९१४ चा निबंधही मिळव. तो गूढवाद्यांचे निष्कर्ष मान्य करत नाही, पण नवं काही सुचतं ते अंतर्दृष्टीतूनच, बुद्धीचं काम ते पारखून एकमेकांशी जुळवायचं, हे उघड कबूल करतो. आणि त्याच्यासमोर आपल्या पुण्याचे गुरुदेव रानडे ठेव, फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञान शिकवायचे, पुढे अलाहाबादला गेले. त्यांचं 'मिस्टिसिझम इन महाराष्ट्र' १९३३ चं. त्यांचं म्हणणं असं की अंतःप्रज्ञा बुद्धी, भावना, इच्छाशक्ती यांच्या विरोधात नाही, ती या तिघींच्या पाठीशी असते. मला दोघांत रानडे जास्त पटतात, पण रसेल वाचल्याशिवाय रानडे का पटतात ते मला सांगता आलं नसतं.

प्रश्न : आमचे मिस्टर दोन वर्षं एका साधना ग्रुपला जातात. आधी बरं वाटत होतं, शांत झाले होते. आता तिथले गुरुजी सांगतात चपला बाहेर काढता तशी बुद्धीही बाहेर काढून या. पुढच्या लेव्हलसाठी ऐंशी हजार मागितलेत. मी प्रश्न विचारले तर म्हणतात तुला अनुभव नाही, तू बोलूच नकोस. मला खरंच बोलायचा हक्क नाही का? – बिबवेवाडी

उत्तर : आहे, पूर्ण आहे. अनुभव त्यांचा असेल, पण ऐंशी हजार घरातले आहेत.

ध्यानाला बसताना विचार शांत करणं ही एक गोष्ट, सगळ्या परंपरांत सांगितलेली. आणि गुरूच्या म्हणण्यावर विचारच करायचा नाही ही दुसरी. हे दोन्ही एकसारखे दिसावेत अशीच शब्दरचना केलेली असते. तुकोबांना स्वप्नात गुरूचा उपदेश झाला, त्यांच्याइतका अनुभवाचा माणूस कुठून आणायचा, आणि ते काय म्हणतात, 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता'. मनाला साक्षीदार केलं. साक्षीदाराला चपलांबरोबर बाहेर ठेवून कसं चालेल? आणि पुढच्या लेव्हलला सिद्धी, म्हणजे विलक्षण शक्ती, मिळतील असं सांगत असतील तर योगसूत्रंच त्यांना समाधीतला अडथळा म्हणतात.

मिस्टरांशी बोलताना त्यांच्या अनुभवाला खोटं म्हणू नका, तिथेच बोलणं तुटेल. त्यांना शांत वाटलं ते खरंच वाटलं असेल. एवढंच विचारा की ती शांतता पहिल्या वर्षी फुकट आली होती, मग आता तिला पैसे का लागतात. आणि प्रश्न विचारणाऱ्याला तिथे कसं वागवतात ते एकदा तुम्ही स्वतः जाऊन बघा. चमत्कार दाखवून, दैवी शक्तीचा दावा करून लुबाडत असतील तर आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. या कायद्यासाठी डॉ. दाभोलकर किती वर्षं झगडले आणि २० ऑगस्ट २०१३ ला याच शहरात ओंकारेश्वराच्या पुलावर त्यांचा खून झाला, हे मी पुण्यातल्या वाचकांना नव्याने सांगायला नको, तरी सांगतेच. पैसे भरू नका. सोसायटीतल्या कोणा मोठ्या माणसाचं मिस्टर ऐकत असतील तर त्यांना मध्ये घ्या, आणि काय झालं ते मला कळवा.

प्रश्न : मी ६८ वर्षांची, धायरीला असते. आयुष्य घरकामात गेलं. आता तर्कशास्त्र शिकावंसं वाटतं. कुठून सुरुवात करू, आणि या वयात जमेल का?

उत्तर : जमेल काकू. अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह घ्या, मराठी विवरणासकटचा. छोटासा आहे, तो मुळात नव्याने शिकणाऱ्यांसाठीच लिहिलेला. पदार्थांची, म्हणजे जगात जे जे आहे त्याच्या प्रकारांची, सुरुवातीची यादी कंटाळवाणी वाटेल, ती वरवर बघून सोडा, नंतर परत येता येतं. सरळ अनुमानाच्या भागाला लागा. धूर आणि आग कायम बरोबर असतात हे माणूस पहिल्यांदा कुठे शिकतो, तर त्यात लिहिलंय 'महानसादौ', म्हणजे स्वयंपाकघरात वगैरे. तिथून तुम्हाला कोणी शिकवावं लागणार नाही.